कवा तापती ते सांगा

"कुणी बंब पेटवलाय का रे?" आत्यानं मागच्या बाकावरून विचारलं. पसरणी घाटाचा निम्मा चढ झाला होता. मे महिन्यातली दुपार, दोनचा सुमार. आसपास बंब पेटवायला एकही घर नव्हतं. मी मीटरकडे पाहिलं. साताऱ्याहून निघाल्यापासून मध्याच्या आसपास आळसावून बसलेला काटा लाल पट्टी ओलांडून कडेला टेकला होता. पुढच्या जाळीतून वाफ, बॉनेटच्या फटीतून वाफ, आणि गाडीखालून तांबूस पाण्याची एक रेघ उताराला लागलेली. वास मात्र आत्यानं बरोबर ओळखला होता. गंजलेलं पाणी, तापलेलं रबर आणि किंचित धूर एकत्र आले की थेट न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाचा वास येतो.

आमची जीप १९८९ची, डिझेलवर चालणारी. आप्पांनी ती कुणाकडून तरी जुनीच घेतलेली, आणि आप्पा गेल्यावर विकायला कुणाचा हात उठत नाही म्हणून घरी राहिलेली. पंधरा वर्षं उलटून गेल्यावर पर्यावरण कर भरून, पुन्हा पासिंग करून आम्ही तिला कागदोपत्री जिवंत ठेवतो. वर्षातून चार-सहा वेळा तिच्यातून कुठंतरी जातो, बाकी वेळ ती चिंचेखाली उभी असते.

बॉनेट उघडून मी खांद्यावरच्या टॉवेलची घडी हातात घेतली आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. तेवढ्यात मागून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "हात लावू नका! फडकं असलं तरी न्हाई!" तो गाडी कडेला घेऊन खाली उतरला, माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि चाकामागं लावायला दोन दगड शोधले. मग सावलीत बसून त्यानं तंबाखू मळली. "पाऊण तास," एवढंच बोलला. पाऊण तासानं झाकण हाताला कोमट लागलं, तेव्हा त्यानंच ते पाव फेरा फिरवून फुस्स होऊ दिलं आणि नंतर पूर्ण काढलं. त्याच्या कॅनमधलं पाणी आम्ही हळूहळू, थांबत थांबत ओतलं. लाल झालेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर बीड तडकतं, हे त्यानं सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. गाडी वळवून आम्ही वाईला उतरलो. पाचगणी राहिली.

पुढचे तीन महिने मी जे केलं ते जुन्या गाडीचा प्रत्येक मालक करतो. पहिल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं, "थर्मोस्टॅट वॉल काढून टाकू. आपल्याकडच्या हवेला त्याची गरजच नाही." काढला. गाडी पुन्हा घाटात तापली. दुसऱ्यानं वॉटर पंप नवा बसवला. आता ती आधीपेक्षा दोन वळणं अलीकडेच तापू लागली, ज्याचा अर्थ त्यालाही लागला नाही आणि मलाही. तिसरा म्हणाला, गाडी तापतच नाही, मीटर खोटं बोलतंय. त्यानं सेन्सर बदलला. वाफ मात्र खरी निघत होती. चौथ्यानं मान हलवली आणि डॉक्टरनं नातेवाइकांना बाजूला घ्यावं तसं मला बाजूला घेतलं. "हेड उतरवायला लागेल. गॅस्केट गेलंय. हेड बेंड असलं तर फेसिंग. बाकी आत काय निघेल ते उघडल्यावर." तोवर साडेनऊ हजार रुपये गेले होते, आणि चौघांपैकी एकानंही गाडी चढाला घातली नव्हती.

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं की थोड्या अंतरावर एक शेड आहे. पाटी नाही. बाहेर दोन ट्रॅक्टर, एक उसाची ट्रॉली आणि चाकं नसलेली एक मेटॅडोर. इथल्या मिस्त्रींचं वय सत्तरीच्या पुढं. त्यांचं नाव सांगण्याची गरज नाही, कारण त्या पट्ट्यात कुणी ते घेतच नाही. सगळे नुसतं 'मिस्त्री' म्हणतात. एकेकाळी त्यांच्याकडे वडापच्या जीपगाड्यांची रांग लागायची. नऊ जणांच्या जागेत अठरा माणसं, वर टपावर कोंबड्या आणि चार पोती घेऊन घाट चढणाऱ्या त्या गाड्या. तापलेल्या इंजिनाचं शिक्षण घ्यायला त्याहून चांगली शाळा नव्हती.

मी सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली. पंप, सेन्सर, गॅस्केट. त्यांनी हात वर केला.

"काय काय बदललं ते नका सांगू. कवा तापती ते सांगा."

"घाटात."

"गावात? बाजाराच्या दिवशी, गर्दीत उभी असताना?"

"नाही. तिथं काटा मध्यावर."

"हायवेला, सरळ रोडला, साठ-सत्तरनं?"

मी आठवून पाहिलं. "थोडी वर जाते. लाल नाही होत."

"सकाळी चालू केल्या केल्या?"

"अजिबात नाही."

"घाटात कितव्या गिअरला?"

"दुसऱ्या. कधी तिसऱ्या."

"आन् उभी करून बॉनेट उघडलं की काय दिसतं?"

"काहीच नाही. वाफ."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग गाडीभोवती एक फेरी मारून पुढच्या जाळीसमोर थांबले. माझ्या चुलतभावानं हौसेनं तिथं चार मोठे पिवळे दिवे बसवले होते. "हे तेवढं काढा," ते म्हणाले, "हवेच्या तोंडावर हात ठेवल्यागत झालंय. पण दुखणं हे न्हवं."

ती प्रश्नोत्तरं मी नंतर कितीतरी वेळा मनात घोळवली. बॉनेट न उघडता त्यांनी निम्म्याहून जास्त शक्यता बाद केल्या होत्या. इंजिनाची उष्णता बाहेर टाकायला दोन गोष्टी लागतात, फिरतं पाणी आणि फिरती हवा. गाडी गर्दीत उभी असताना समोरून वारा येत नाही, हवा ओढण्याचं सगळं काम पंख्याचं. म्हणून जी गाडी गावात तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तिचा दोष बहुधा हवेकडचा: पंख्याचा बेल्ट ढिला, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं निघालेलं, नव्या गाड्यांत पंख्याची मोटर किंवा फ्यूज गेलेला. उलट जी गर्दीत शांत असते आणि भार आला की तापते, तिला हवा मिळते, पाणी कमी पडतं. रेडिएटर चोंदलाय, पंपाचं पातं झिजलंय, किंवा वाटेत कुठंतरी रस्ता अरुंद झालाय. चालू केल्यापासून पाच-दहा मिनिटांत तापणारी गाडी तिसऱ्या जातीची. तिच्यात थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असतो, पाण्यात हवा धरलेली असते, नाहीतर हेड गॅस्केटमधून जळता वायू सरळ पाण्यात शिरत असतो. याशिवाय चाकाचा ब्रेक चिकटलेला असला तरी इंजिन तापतं, पेट्रोल गाडीचं टायमिंग मागं सरकलेलं असलं तरी तापतं, ते वेगळंच. पण पहिली विभागणी एवढ्या एका प्रश्नावर होते, आणि हा प्रश्न चार गॅरेजांत मला कुणी विचारला नव्हता.

मिस्त्री हे शिकले ते गाडीवर नाही, विहिरीवर. पोरवयात ते बागायतदारांच्या डिझेल इंजिनांची दुरुस्ती करत. त्या संथ, धपधप चालणाऱ्या इंजिनांना बहुतेक वेळा रेडिएटर नसे. पंपानं उपसलेल्या पाण्यातलंच थोडं पाणी एका बारक्या पाइपनं इंजिनाच्या अंगात फिरून बाहेर पडायचं. शेतकरी पाटाला जाताना त्या धारेखाली हात धरायचा. कोमट असेल तर ठीक, हात भाजला तर वाटेत गाळ बसला, आणि धार बारीक झाली तर विहिरीचं पाणी खाली गेलं. "तवा मीटर कुठलं," मिस्त्री म्हणाले, "हाताला कळायचं." आजही ते गाडी तपासताना आधी हात लावतात, पाना नंतर घेतात.

पाण्याची ही गरज मोटारीच्या जन्मापासूनची आहे. १८८८ साली बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानंच बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. मोटारीतून केलेला तो पहिला लांबचा प्रवास. इंधन तिनं वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून घेतलं, ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्या मोटारीचं पाणी उकळून उडून जायचं आणि मिळेल तिथून ते पुन्हा पुन्हा भरावं लागायचं, ही गोष्ट मला जास्त जवळची वाटते. पाणी न उडवता तेच तेच वापरण्याची चांगली युक्ती विल्हेल्म मायबाखनं काढली, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर, १९०१ च्या मर्सिडीजवर. त्यानंतर फोर्डच्या बहुतेक मॉडेल टी गाड्यांत तर पंपही नव्हता. गरम पाणी आपोआप वर जातं, गार खाली येतं, एवढ्यावर लाखो गाड्या धावल्या. आपल्या गच्चीवरचा सोलर बंब आजही याच तत्त्वावर चालतो.

इंजिनाच्या आत काय चाललंय याची कल्पना आली की या पाण्याचं महत्त्व पटतं. सिलिंडरमधली ज्वाळा दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. पिस्टनचं अॅल्युमिनियम ६६० अंशांच्या आतच वितळतं. म्हणजे वितळायला हवेत ते धातू मिनिटाला हजारो वेळा पेटणाऱ्या ज्वाळेशेजारी शाबूत राहतात, आणि त्याचं बरंचसं श्रेय बोटभर अंतरावरून वाहणाऱ्या पाण्याचं. आपण टाकीत जे डिझेल ओततो त्यातला साधारण चौथा ते तिसरा हिस्सा या पाण्यावाटे हवेत टाकून द्यायलाच जातो. गाडी सपाटीवर आरामात असते तेव्हा हा हिस्सा लहान रकमेचा असतो. पसरणी घाटात, वाईच्या साधारण ७०० मीटरवरून पाचगणीच्या १३०० मीटरकडे नऊ माणसं ओढताना, रक्कम कितीतरी वाढते आणि समोरून वारा मात्र ताशी वीस किलोमीटरचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला यायला मिस्त्रींनी सांगितलं होतं. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं होतं त्यांना. मी पोचलो तेव्हा ते दात घासत होते. तोंड धुऊन त्यांनी झाकण उघडलं आणि बोट घालून पाण्याची पातळी पाहिली. मग ते बोट वर धरून मला दाखवलं. कातासारखा तांबडा रंग. "किती वर्षं बोअरचं पाणी घालताय?"

मी उत्तर दिलं नाही. आप्पाही तेच घालत होते, मीही.

गाडी झाकण उघडं ठेवून चालू केली. रेडिएटरच्या तोंडाशी ते टॉर्च धरून उभे राहिले. हेड गॅस्केट फुटलेलं असलं तर इथं बुडबुड्यांची माळ लागते, थांबता थांबत नाही. पहिल्या दोन मिनिटांत चार-सहा बुडबुडे आले. मी म्हटलं, "आले." ते म्हणाले, "ती कालची अडकलेली हवा. थांबा." दहा मिनिटं थांबलो. पाणी निवांत हलत राहिलं, बुडबुडे बंद झाले. मग डिपस्टिक ओढून ऑइल दोन बोटांत चोळलं. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. हे काळंभोर होतं, डिझेल गाडीचं असतं तसं. सायलेन्सरपाशी हात धरला, हुंगला. पांढरा, चिकट, गोडसर धूर नाही. झाकण जरा वेळ लावून वरचा होज पाइप मुठीत दाबला. गॅस्केट गेलेल्या गाडीत गार इंजिन सुरू होताच हा पाइप दगडासारखा कडक होतो. हा मऊ होता. चौथ्या गॅरेजवाल्याचं निदान अर्ध्या तासात, एकही बोल्ट न खोलता, निकालात निघालं.

मग पंख्याचा बेल्ट. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्यानं दाबला, अर्धा इंच खाली गेला. बरोबर. पंख्याची पाती नीट, उलटी बसवलेली नाहीत. हे मला हसण्यासारखं वाटलं, पण उलटा पंखा बसवून आलेल्या दोन गाड्या त्यांनी स्वतः पाहिल्यात.

इंजिन पुरतं तापल्यावर त्यांनी ते बंद केलं, पंखा थांबल्याची खात्री केली आणि रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवायला लागले, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. नंतर माझा हात धरून तिथं ठेवला. वरचा भाग चटका देणारा. मधला कढत. पण उजवीकडचा खालचा कोपरा, पंजाभर जागा, जवळजवळ गार. पाणी तिकडं जातच नव्हतं. त्या नळ्या आतून बंद होत्या.

"मग रेडिएटरच," मी म्हटलं.

"रेडिएटर हाय. पर यवढ्यानं लाल न्हाई व्हायची. अजून कायतरी हाय." मग पोराला हाक मारली. "झाकण लाव. चालू कर. रेस दे. म्हंजी दुसऱ्या गिअरला घाट चढताना असती तेवढी, आन् धरून ठेव."

पोरानं ॲक्सिलरेटर दाबला. मिस्त्री जमिनीवर उकिडवे बसले, टॉर्च रेडिएटरच्या खालच्या होज पाइपवर. मलाही बसवलं. सुरुवातीला काही नाही. अर्धं मिनिट गेलं. मग तो जाडजूड काळा पाइप मधोमध आत खचायला लागला. दात पडलेल्या म्हाताऱ्यानं विडी ओढावी आणि त्याची गालफडं आत जावीत तसा. पाहता पाहता तो जवळपास चपटा झाला.

"सोड," मिस्त्री ओरडले. इंजिन मंदावलं आणि पाइप क्षणात पुन्हा गोल. जणू काही झालंच नव्हतं.

मी तसाच बसून राहिलो. घाटात मी दर वेळी काय केलं होतं? गाडी थांबवली, इंजिन मंद केलं, बॉनेट उघडलं. प्रत्येक वेळी आरोपी माझ्यासमोर साळसूद चेहऱ्यानं उभा होता.

त्या पाइपच्या आत मूळची तारेची स्प्रिंग असते, नेमकं हे होऊ नये म्हणून. मिस्त्रींनी क्लिप सैल करून पाइप उतरवला, उलटा धरून झटकला. जमिनीवर गंजाचा भुगा आणि तारेचे तीन तुकडे पडले. वर्षानुवर्षांच्या बोअरच्या पाण्यानं स्प्रिंग खाल्ली होती, आणि रबर आतून भिजलेल्या वडीसारखं नरम झालं होतं. आता सगळ्याचा मेळ लागत होता. पंप खालच्या पाइपातून पाणी ओढतो. रेडिएटर अर्धामुर्धा चोंदलेला, मागून पाणी पुरेसं येत नाही. पंप जोरानं फिरला की पाइपात ओढ तयार होते आणि पाइप मिटतो. मिटला की उरलंसुरलं पाणीही बंद. नवा पंप बसवल्यावर गाडी दोन वळणं आधी का तापली? कारण नवा पंप जास्त जोरानं ओढत होता. थर्मोस्टॅट काढून टाकल्यानं पंपापुढचा अडसर गेला, ओढ आणखी वाढली. दोन्ही दुरुस्त्यांनी दुखणं वाढवलं होतं.

तिसरा साथीदार झाकण होतं. मी त्याला डब्याचं झाकणच समजत आलो होतो. ते खरं तर एक झडप असते. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखी, ठरलेला दाब होईपर्यंत पाणी कोंडून धरणारी. कोंडलेलं पाणी १०० अंशांना उकळत नाही. दर पौंड दाबामागं उकळबिंदू साधारण दीड अंशानं वर सरकतो. सात पौंडांचं झाकण असेल तर समुद्रसपाटीला एकशे दहा-अकराच्या घरात. घाटात याचं महत्त्व दुप्पट, कारण दर ३०० मीटर उंचीला उघड्या पाण्याचा उकळबिंदू सुमारे एक अंशानं उतरतो. पाचगणीच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे गाडीला सर्वांत जास्त गार राहायची गरज असते तिथंच पाणी लवकर हार मानतं. शिवाय हा दाब खालच्या पाइपालाही आतून फुगवून धरतो. मिस्त्रींनी आमच्या झाकणाची स्प्रिंग बोटानं दाबली. ती दबली आणि वर आलीच नाही. रबराची चकती बिस्किटासारखी तडकलेली.

तापलेल्या झाकणाला हात लावू नये, ही ओळ मात्र मिस्त्रींना शेडमध्ये उच्चारायची गरज पडत नाही. त्यांच्या डाव्या दंडापासून मनगटापर्यंत कातडी चकचकीत, सुरकुतलेली आहे. वडापच्या दिवसांत, पॅसेंजर ओरडत होते म्हणून, त्यांनी एकदा घाई केली होती. दाबाखाली ११० अंशांवर गप्प बसलेलं पाणी झाकण निघताच एकदम वाफ होतं आणि कारंज्यासारखं वर येतं. गॅरेजमधल्या पोरांना ते काही सांगत नाहीत, नुसती बाही वर करतात.

रेडिएटर साताऱ्याला न्यायचा होता. अशी दुकानं आता कमी उरलीत, कारण नव्या गाड्यांचे रेडिएटर अॅल्युमिनियमचे आणि वरच्या-खालच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. ते बिघडले की फेकायचे. आमचा पितळ-तांब्याचा. दुकानातल्या चाचांनी तो उचलूनच सांगितलं, "वजन बघा. आत दगड भरलाय." गॅसच्या ज्योतीवर डाख वितळवून त्यांनी वरची पितळी टाकी वेगळी केली. आत नळ्यांच्या तोंडांची रांग, आणि निम्म्या तोंडांवर पांढुरकं-तांबूस कवच, गिझरच्या कॉइलवर बसतं तेच. दख्खनच्या काळ्या दगडातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुना. तो तांब्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी उष्णता वाहून नेतो. नळी पूर्ण बंद नसली तरी आत त्याचा पातळ थर बसला की ती नळी नावापुरती उरते.

मग रॉडिंग. चपट्या, लवचीक पोलादी पट्ट्या एकेका नळीत घालून खालपर्यंत सरकवायच्या, मागं-पुढं करायच्या, काढायच्या. चाचांचा मुलगा हे काम कानानं करत होता. पट्टी मोकळी गेली की सूं असा आवाज, अडली की खर्र. दोन नळ्या मुळीच उघडल्या नाहीत, त्या डाख देऊन कायमच्या बंद केल्या. टाकी परत जोडून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला, आत हवा भरली, बुडबुडा कुठून येतो ते पाहिलं. एके ठिकाणी आला. पुन्हा ज्योत, पुन्हा डाख. दुपारी तीनला रेडिएटर हातात मिळाला तेव्हा तो खरंच हलका लागला.

थर्मोस्टॅट परत बसवायचा की नाही यावर माझा आणि चाचांचा थोडा वाद झाला. 'आपल्याकडं गरज नाही' हे मत गॅरेजांत इतकं पक्कं आहे की त्याला विरोध करणं म्हणजे पावसाळ्यात छत्री नको म्हणण्यासारखं. पण थर्मोस्टॅट इंजिन गरम करायला नसतो, ठरावीक गरम ठेवायला असतो. तो नसला की सकाळच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन गारच राहतं, डिझेल जास्त जळतं, सिलिंडर झिजतात, ऑइलमध्ये चिकटा धरतो. आणि काही इंजिनांत तो उघडताना आतली आडवाट बंद करतो. तोच काढला तर बरंच पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत गोल फिरत बसतं आणि गाडी उलट जास्त तापते. मिस्त्री माझ्या बाजूचे निघाले. मात्र नवा आणलेला थर्मोस्टॅटही तपासूनच बसवायचा, हा त्यांचा नियम.

तो तपास घरी, गॅसवर झाला. बायकोच्या परवानगीनं नव्हे, तिच्या नजरेखाली. पातेल्यात पाणी, पाण्यात दोऱ्यानं टांगलेला थर्मोस्टॅट, बुडाला टेकू न देता, आणि शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर ८२ कोरलेलं होतं. सत्तरला काही नाही. अठ्ठ्याहत्तरला काही नाही. एक्क्याऐंशीच्या पुढं गेल्यावर मधली चकती केसभर उचलली, आणि नव्वदीपर्यंत बोट जाईल एवढी फट. आतल्या डबीत मेण असतं, ते वितळताना फुगतं आणि दांडी ढकलतं. ना वीज, ना तार, ना संगणक. आत्या बघत होती. म्हणाली, "मेणाला कळतं की रे." ते पातेलं आता माझ्या हिशेबात जमा आहे, दुधाला चालत नाही.

पाण्याऐवजी कूलंट भरायचं ठरलं. इथं एक गैरसमज दूर करायला हवा. कूलंट पाण्यापेक्षा जास्त गार करत नाही. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणीच सरस. कूलंटमधलं ग्लायकॉल उकळबिंदू थोडा वर नेतं, आणि त्यातली औषधं गंज आणि चुना रोखतात, आपल्याला खरी गरज त्यांची. निम्मं कूलंट, निम्मं पाणी, आणि तेही बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड. हिरवा, लाल, निळा हा फक्त रंग. कंपनीगणिक अर्थ बदलतो, म्हणून दोन रंग एकत्र करू नयेत. आणि सांडलेलं लगेच धुऊन काढावं. ते चवीला गोड असतं, कुत्र्या-मांजरांना ओढ लागते, आणि ते जीव घेतं.

भरताना गाडीचं नाक उंचवट्यावर चढवलं, हीटरचा कॉक उघडा ठेवला, आत अडकलेली हवा बुडबुड करत निघून जाईपर्यंत थांबलो. हवा धरली असती तर मीटरही फसवं ठरलं असतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी खाली गेलं आणि तो कोरडा लोंबकळला की इंजिन जळत असताना काटा खाली येतो. नव्या गाड्यांत निराळी गंमत आहे. पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दामच मध्यावर बांधलेला असतो, बऱ्याच अंशांचा फरक पडला तरी हलत नाही, गिऱ्हाइकानं उगाच घाबरू नये म्हणून. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्या जीपचा काटा सारखा डुलतो, पण खरं सांगतो.

मिस्त्रींचा धाकटा मुलगा पुण्यात मोठ्या वर्कशॉपमध्ये आहे. तिथं गाडीला यंत्र जोडतात, पडद्यावर दोषाचा क्रमांक येतो. मिस्त्रींना त्याचा राग नाही. ते म्हणतात, माझ्याकडं असतं तर मीबी जोडलं असतं. फक्त एकदा मुलानं फोनवर सांगितलं की एका गाडीला 'इंजिन जास्त तापलं' असा क्रमांक आलाय, आता काय करू? मिस्त्रींनी विचारलं, "कवा तापती?" पलीकडे शांतता.

ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा पसरणी घाट चढलो. आत्या मागं, मिस्त्रींचं गॅरेजमधलं पोरगं माझ्या शेजारी, कारण त्यानं स्वतःच हट्ट धरला होता. पिवळे दिवे नाहीत. दुसऱ्या गिअरला तिसरं वळण, चौथं. काटा मध्याच्या किंचित वर गेला, तिथं थबकला, पुढच्या थोड्या सपाटीला पुन्हा खाली आला. थर्मोस्टॅट जागेवर होता. पाचगणीत आत्यानं स्ट्रॉबेरी विचारली, हंगाम नव्हता. चहा घेऊन उतरलो.

मिस्त्रींनी एकच काम दिलं होतं. दर रविवारी सकाळी, गाडी गार असताना, झाकण उघडून पातळी बघायची आणि फोन करायचा. पहिल्या रविवारी काठोकाठ. दुसऱ्या रविवारी अर्धं बोट खाली. माझ्या पोटात गोळा आला. फोन लावला.

"किती खाली? अर्धं बोट? घालू नका. या गाडीला बाटली न्हाई. काठोकाठ भरलं की तापल्यावर फुगलेलं जादा पाणी ती बाहेर टाकती. पुढच्या रविवारी बघा. तिथंच असलं तर तिची पातळी तीच. आणखी खाली गेलं तर घिऊन या."

तिसऱ्या रविवारसाठी मी काडीवर खूण करून ठेवली होती. चिंचेखाली गाडी दवानं भिजलेली. झाकण उघडलं, काडी घातली. हिरवं पाणी खुणेला लागून होतं.